साडेतीन धबधबे आणि एक झिरा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी धबधबे बघायला गेले होते, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या अकलेबद्दल काही भ्रम राहायला नको.

कल्पना कीर्तीची. कीर्ती माझ्याच शाळेत भूगोल शिकवते, मी गणित. ती कुणावरही विश्वास ठेवते, मी कुणावरच ठेवत नाही. बावीस वर्षं आमचं छान चाललंय. सुट्टीत ती घरी आली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ‘सह्याद्रीच्या कुशीतला गुप्त ओढा! भर उन्हाळ्यात सात धबधबे! निसर्गाशी एकरूप व्हा!’

“सात?” मी म्हटलं. “मे महिन्यात? सुरगाण्याकडे? अगं, तिथल्या बायका हंडे घेऊन कोस कोस जातात, पेपरात फोटो येतात दरवर्षी.”

“बारमाही ओढा आहे म्हणे.”

“म्हणे.”

“तू येणार आहेस की नुसती बोलणार आहेस?”

मी नुसतं बोलण्यात पटाईत आहे, हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे. म्हणून चिडून गेले.

शनिवार : वस्ती

दोन जीपगाड्यांत आम्ही पंधरा जण होतो. नेणारा सनी नावाचा तिशीतला मुलगा. त्याला सगळे ‘सनी सर’ म्हणत होते. मला सर म्हणायला त्याने मनाई केली नाही, मीही म्हटलं नाही. त्याच्याकडे बोलण्यासारखी तीनच वाक्यं होती : ‘एनर्जी हाय ठेवा’, ‘फोनला विसरा’ आणि ‘इथे एक ग्रुप फोटो’. दुसरं आणि तिसरं एकत्र कसं जमवायचं, हे मी विचारलं. तो हसला.

आमच्या जीपमध्ये भामरे साहेब होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सोबत डब्यासारखा एक स्पीकर आणला होता. निसर्ग शांत असतो ही त्यांना निसर्गातली उणीव वाटत असावी. घाट चढताना त्यांनी जुनी गाणी लावली आणि प्रत्येक गाण्याचं साल सांगितलं. दोन सालं चुकली होती. मी सांगितलं नाही. आयुष्यात मी दाखवलेल्या संयमाच्या प्रसंगांत हा धरावा.

वस्ती म्हणजे टेकडीच्या कडेला वीस-बावीस घरं. कारवीच्या कुडांवर शेणमातीचं सारवण, वर कौलं नाहीतर पत्रे. निम्म्या घरांना बाहेरून कड्या होत्या. माणसं खाली निफाड-दिंडोरीकडे मजुरीला गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. सनीने आमची सोय तुळशीरामच्या पडवीत केली होती. तुळशीराम साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. उद्या तोच वाट दाखवणार होता. त्याची बायको सोमी चुलीपाशी बसून नागलीच्या भाकरी थापत होती.

जेवण मात्र असं, की माझा सगळा खवचटपणा तासभर बंद पडला. काळसर, खरपूस भाकरी, उडदाची दाट आमटी आणि पाट्यावर वाटलेला लसूण-मिरचीचा ठेचा. आमच्यातल्या एका पोरीने “ग्लुटेन-फ्री आहे ना?” असं विचारलं. सोमीने तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला हे उत्तर फार आवडलं.

हात धुवायला मी अंगणात गेले. सोमीने तांब्यातून माझ्या हातावर पाणी घातलं, बारीक धार, मोजून. हात नीट ओले व्हायच्या आत धार थांबली. नाशकात आमच्या कॉलनीत बुद्धविहारामागची टाकी रोज सकाळी भरून वाहते. पाणी गटारात जातं, आणि बंद कोणी करायची यावर दोन घरं भांडतात. मी सवयीने हात तसेच पुढे धरून उभी राहिले.

“झालं,” सोमी म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

जरा कडकच बाई आहे, असं माझं मत झालं. पाहुण्यांशी वागण्याची रीत वगैरे. मी हे कीर्तीला बोलूनही दाखवलं. “दमली असेल गं,” कीर्ती म्हणाली. ती सगळ्यांच्या बाबतीत हेच म्हणते.

रविवार, सकाळ : ओढा

साडेसातला निघायचं होतं. भामरे साहेबांच्या टोपीचा शोध संपल्यावर नऊला निघालो. मे महिन्यात या दीड तासाची किंमत काय असते, हे डोंगरातल्या माणसाला विचारावं. तुळशीराम सहापासून दगडावर बसून होता. त्याने दोनदा सूर्याकडे बघितलं.

“पाणी एकेकच बाटली घ्या,” सनीने जाहीर केलं. “ओझं नको. पुढे पाणीच पाणी आहे.”

वाट सुरुवातीला उघड्या माळावरून होती. जळकं गवत, तापलेला मुरूम, करवंदाच्या जाळ्या. करवंदं मात्र काळीभोर. मग वाट ओढ्यात उतरली आणि सगळं बदललं. दोन्ही बाजूंना करंज आणि जांभळीची गर्द सावली, खाली गोल गुळगुळीत धोंडे. त्यांच्या मधून कुठेतरी पाणी वाहत असावं, अशी शंका यावी इतपत ओल. एक तांबूस पक्षी सावलीतून उडाला. मी थांबून श्वास घेतला. मागून स्पीकरवर कव्वाली सुरू झाली.

पहिला धबधबा आला तेव्हा मी तो ओलांडून पुढे गेले होते. सनीने परत बोलावलं. एका उंच काळ्या कातळावर ओला डाग होता, पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर येतो तसा.

“हा पहिला,” सनी म्हणाला.

“याला धबधबा म्हणायचं?”

“मॅडम, फील घ्या.”

लोकांनी फील घेतला. त्या डागासमोर अकरा जणांचे फोटो झाले. मी तो अर्धा धरला. दुसरा खरोखरच पडत होता, करंगळीएवढ्या धारेने, गुडघाभर उंचीवरून. तिसरा पुरुषभर उंच, कातळाच्या खाचेतून शेवाळावरून सरकत येणारा, आणि खरं सांगायचं तर सुंदर होता. त्याच्यामागे नेच्याची कोवळी पानं थरथरत होती. कीर्तीने वर्गात शिकवावं तसं मला समजावलं, की वरच्या पठारात मुरलेलं पावसाचं पाणी दगडाच्या थरांतून हळूहळू झिरपत इथे येतं. आपण गेल्या जुलैचा पाऊस बघतोय. मी “बरं” म्हटलं. वाक्य चांगलं होतं, पण ते तसं सांगणं माझ्या स्वभावात नाही.

तिचा चेहरा तेव्हाच लाल झाला होता. बाटली भरलेली होती.

“पाणी पी की.”

“नको. मग आडोसा शोधावा लागतो. इतके पुरुष आहेत.”

“भूगोलाच्या बाई, झुडपांची इथे टंचाई नाही.”

“नको म्हटलं ना.”

मी पुढे गेले. पुढच्या वळणावर भामरे साहेबांची बाटली संपली होती. कीर्तीने स्वतःची त्यांना देऊन टाकली.

डोह

चौथा धबधबा एका डोहात पडत होता. सावली तिथे सरली होती. वर पांढरं ऊन, तीन बाजूंना तापलेला कातळ आणि मधे हिरवंगार, थंड, कमरेएवढं पाणी. लोक अक्षरशः किंचाळले. पुढचे तीन धबधबे कोरडे आहेत ही बातमी सनीने या किंचाळण्यात हळूच उरकून घेतली.

तुळशीराम पुढे झाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला.

“साहेब, ह्या डोहात नाय उतरायचा. हा पेवाचा पानी आहा. खाली बायका भरतात.”

“काका, पाच मिनिटं,” सनी म्हणाला. “वाहतं पाणी आहे, काही होत नाही.”

“वाहता नाय आता. झिरपतो नुसता.”

“पाचच मिनिटं, काका. लोक लांबून आलेत.”

तुळशीराम आमच्याकडे बघत राहिला. आम्ही पंधरा जण होतो, आणि दर आठवड्याला सनी त्याच्याच पडवीत माणसं आणत होता. तो मागे सरला, पाठ करून दगडावर बसला. त्या बसण्यात जे होतं ते मला दिसलं. दिसलं हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यानंतर मी बूट काढले.

हो. मी पाण्यात उतरले नाही, एवढाच माझा मोठेपणा. काठावर बसून घामेजलेले, मातीने भरलेले पाय पाण्यात सोडले, रुमाल बुचकळून पिळला आणि पुन्हा बुचकळला. बाकीचे चौखूर उधळले होते. अंगाला फासलेल्या क्रीमचा तेलकट तवंग पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पसरला. तळाचा गाळ वर आला. भामरे साहेबांनी गुळण्या केल्या. मी पाण्यात पाय हलवत मनातल्या मनात प्रत्येकाची खिल्ली उडवत होते. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

कीर्ती आली नाही. बदलायला कपडे नव्हते, म्हणून ती वरच्या कातळावर बसली, आमच्या सगळ्यांच्या पिशव्या आणि मोबाइल सांभाळत. डोक्यावर ऊन, खाली तापलेला दगड. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

मग खालून बायका आल्या. तिघी होत्या, पुढे सोमी. पदर खोचलेला, हातात ॲल्युमिनियमची वाटी. तिने वाटी आमच्यासमोर धरली. आत चहासारखं पाणी होतं आणि वर आमचा तवंग.

“कोन उतरला डोहात?”

सगळे ओले उभे होते, त्यामुळे उत्तराची गरज नव्हती.

“आमी पहाटंपासून बसलोय खाली. वाटी वाटी भरतोय. माझं दोन हंडे झाले, ह्या दोघींचं व्हायचंय अजून. आता काय भरायचं त्यांनी? हे?”

“मावशी, आम्हाला माहीत नव्हतं,” सनी म्हणाला.

सोमीने नवऱ्याकडे बघितलं. “तुमी सांगितलं नाय?”

तुळशीराम मान खाली घालून म्हणाला, “सांगितला.”

स्पीकर अजून चालूच होता. भामरे साहेबांना तो बंद करायला फार वेळ लागला, हात ओले होते.

मी खाली जाऊन बायका पाणी भरतात तो झिरा बघितला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, डोहापासून चाळीस पावलांवर, एका मोठ्या धोंड्याच्या पोटाशी वाळूत केलेला खळगा. तळाशी ओंजळभर पाणी जमतं, ते वाटीने काढायचं, पुन्हा जमेपर्यंत बसायचं. त्या वेळी त्यात गढूळ चिखल होता.

माझ्या आजोबांना त्यांच्या गावातल्या विहिरीला हात लावू देत नव्हते. वरून कोणीतरी ओतेल तेव्हा खाली ओंजळ धरायची. ही गोष्ट ऐकत मी वाढले, शाळेत दरवर्षी मुलांना तीच सांगून भाषण करते आणि टाळ्या घेते. इथे त्या खळग्यापाशी उभी राहून मी हातातला ओला रुमाल मुठीत दडवला.

वर येऊन सोमीला म्हटलं, “माफ करा, ताई.”

“माफीनं हंडा भरतो का?” ती म्हणाली. रागानेसुद्धा नाही. मी खरंच उत्तर देईन असं समजून ती क्षणभर थांबली.

चढ

परतीचा चढ उघड्यावरचा. बारा वाजत आलेले. कीर्ती माझ्या मागे होती आणि पावलागणिक थांबत होती. मी स्वतःवर चिडले होते. अशा वेळी माणूस जवळच्यावर चिडतो.

“चल ना, कीर्ती.”

“हो. खिडक्या उघडा.”

“काय?”

“खिडक्या उघडा रे, मागच्या बाकावरचे.”

“नाटक बंद कर. आधीच तमाशा झालाय.”

असं मी म्हटलं. बावीस वर्षांच्या मैत्रिणीला. मग वळून बघितलं. तिचा चेहरा विटेसारखा लाल आणि कोरडा ठणठणीत होता, घामाचा थेंब नाही. डोळे माझ्याकडे होते पण मला बघत नव्हते. ती आणखी एकदा “उघडा” म्हणाली आणि वाटेवरच गुडघ्यांवर कोसळली.

मी ओरडले. लोक धावत आले आणि गोल करून उभे राहिले. सनीचं तोंड पांढरं पडलं. औषधाची पेटी जीपमध्ये होती. पंधरा बाटल्या उघडून बघितल्या. दोन घोट निघाले, तेही डोहातले गढूळ. पाणीच पाणी असलेल्या वाटेवर आमच्याकडे पाणी नव्हतं.

“बाजूला व्हा.”

सोमी खालून चढून येत होती, डोक्यावर एकावर एक दोन हंडे. तिने ते तुळशीरामच्या मदतीने उतरवले, कीर्तीच्या कपाळाला हात लावला आणि नवऱ्याला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. दोघांनी तिला उचलून करवंदाच्या जाळीच्या सावलीत नेलं. मग सोमीने वरचा हंडा उचलला आणि सरळ कीर्तीच्या डोक्यावर ओतायला सुरुवात केली.

काल माझ्या हातावर बारीक धार धरणारी हीच बाई. मानेवर, काखेत, छातीवर, पायांवर, न मोजता. दुसऱ्या दोघी पदराने वारा घालत होत्या. माझ्या हातून काही होईना. मी फक्त “कीर्ती, कीर्ती” करत होते.

“बाई, पाय चोळा तिचे,” सोमी मला म्हणाली. “रडून काय नाय व्हायचं.”

मी पाय चोळले. हंडा संपला. दुसऱ्यातलं अर्धं पाणी गेलं तेव्हा कीर्तीने डोळे मिटले, उघडले आणि माझं नाव घेतलं. तुळशीराम तोवर धावत घरी जाऊन मीठ आणि गूळ घेऊन आला होता. सोमीने तिला घोट घोट पाजलं, मधे मधे थांबत. भराभर प्यायला पुढे होणाऱ्या कीर्तीच्या हाताला ती दर वेळी आवरत होती.

वस्तीवरून आणलेल्या चादरीची झोळी करून, बांबूला बांधून तिला वर नेलं. पुढे तुळशीराम, मागे भामरे साहेब. साहेबांनी शेवटपर्यंत खांदा बदलला नाही आणि सबंध चढावर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्याबद्दल वर जे लिहिलंय ते मी खोडलेलं नाही, पण हेही लिहायला हवं. सरकारी दवाखान्यात सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाणी लगेच ओतलं म्हणून निभावलं. संध्याकाळी कीर्ती चहा मागू लागली.

निघताना जीपच्या खिडकीतून मी बघितलं होतं. सोमी रिकामा हंडा घेऊन पुन्हा ओढ्याकडे उतरत होती.

नाशिक

मंगळवारी सनीचा संदेश ग्रुपवर आला. डोहाचा फोटो, हिरवंगार पाणी, उड्या मारणारे लोक, आणि कोपऱ्यात कातळावर पिशव्यांच्या ढिगात बसलेली कीर्ती. ‘लोकाग्रहास्तव पुन्हा या शनिवारी-रविवारी! थोड्याच जागा शिल्लक!’

मी दुपारभर बसून उत्तर लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात धारदार मजकूर तो. एकेक वाक्य तासून, त्यात सनी, त्याचा फील, त्याची एनर्जी, कोणाला सोडलं नाही. पाठवल्यावर दहा मिनिटांत ‘इथे निगेटिव्हिटी नको’ असं आलं आणि मला ग्रुपमधून काढलं. मी तो मजकूर आणखी चार मैत्रिणींना पाठवला. सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली. आपण काहीतरी केलं असं मला वाटलं आणि छान झोप लागली.

शनिवारी सकाळी आठला कीर्तीचा फोन आला. आवाज बसलेला.

“कुठे आहेस?” मी विचारलं. “डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीये.”

“आत्ता घरी आले. जीप सुटते तिथे गेले होते पहाटे.”

“कशाला?”

“सांगायला. गाडीच्या दारात उभी राहिले आणि एकेकाला सांगितलं. सोमी कोण, तिचा हंडा कसा भरतो, तिने तो माझ्या डोक्यावर कसा ओतला.”

“आणि सनी?”

“बाजूला व्हा म्हणाला. मी म्हटलं, व्हायची नाही. मग बिचारा गप्प बसला.”

“बिचारा?”

“अगं, त्याचंही पोट आहे. त्याला म्हटलं, तिसऱ्या धबधब्यापर्यंत ने, डोहाकडे नको नेऊस. हो म्हणाला. खरं करेल की नाही, देव जाणे. सहा जण उतरले गाडीतून. बाकीचे नऊ गेले. त्यातल्या एका आजींनी शब्द दिला, कोणाला पाय बुडवू देणार नाही म्हणून.”

सहा जण. पंधरातले सहा. माझ्या त्या धारदार मजकुरामुळे कोण कुठून उतरलं होतं?

“तुझा मेसेज मस्त होता हं,” कीर्ती म्हणाली. तिला टोमणा मारता येत नाही, ती मनापासूनच बोलत होती. “पण एकटीचा आवाज बसतो गं. पुढच्या शनिवारी परत गाड्या आहेत. पाऊस लागेपर्यंत असणार. येशील?”

सनी, भोळसट आजी आणि पहाटे रस्त्यावर उभं राहून समाजसेवा करणाऱ्या बायका, यांच्याबद्दल एक चांगलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

“किती वाजता?” मी विचारलं.